एकच सीड, तरी आकडे वेगळे? पायथन, आर, जावा, एक्सेल सगळीकडे तेच रँडम नंबर मिळवण्याची रीत

गेल्या रब्बी हंगामात ओळखीतल्या एका मुलीचा फोन आला. कृषी शाखेत पदव्युत्तरचं दुसरं वर्ष, प्रकल्प ज्वारीच्या वाणांच्या चाचणीचा. कोणत्या वाफ्यात कोणता वाण पेरायचा याची सोडत तिने आर या संख्याशास्त्राच्या भाषेत काढली होती आणि सीड, म्हणजे रँडम आकड्यांच्या गणिताचा सुरुवातीचा आकडा, दिला होता १२३४. तिच्या मार्गदर्शकांनी पडताळणीसाठी तीच सोडत पायथनमध्ये काढली. सीड तोच दिला, पण वाफ्यांचा क्रम पार वेगळा आला. "दादा, सीड तर तोच दिलाय. मग माझ्या कोडमध्ये चूक आहे का?" तिचा आवाज रडवेला झाला होता, कारण पेरणी दोन दिवसांवर आली होती.

चूक तिची नव्हती आणि मार्गदर्शकांचीही नव्हती. सीड सारखा म्हणजे आकडेही सारखे, हे आपल्याला कुठेतरी शिकवलेलं असतं आणि ते अर्धंच खरं आहे. त्या रात्री तिला फोनवर जे समजावलं, तेच इथे सविस्तर लिहितो आहे. थोडंफार प्रोग्रामिंग येत असेल, एखादा लूप लिहिता येत असेल, तर एवढं पुरेसं आहे. लेखातले आकडे देवनागरीत आहेत, कोडमध्ये ते नेहमीच्या इंग्रजी अंकांत टाका.

आधी घोळ कुठे होतो ते पाहू

संगणक रँडम नंबर गणिताने तयार करतो. सीड हा त्या गणिताचा आरंभबिंदू. पण सीडपासून तुमच्या हातातल्या आकड्यापर्यंत चार टप्पे असतात. एक, सूत्र कोणतं. दोन, सीडवरून त्या सूत्राची आतली स्थिती कशी भरतात. तीन, आतून निघालेल्या कच्च्या पूर्णांकाचा शून्य ते एकमधला दशांश कसा बनवतात. चार, त्या दशांशावरून फासा, सोडत किंवा निवड कशी करतात. चारपैकी एक टप्पा जरी वेगळा असला, तरी शेवटचा आकडा वेगळा येतो.

हे खरं किती बारीक आहे ते १२३४ वरच बघा. पायथनचं अंगभूत रँडम मॉड्यूल, नमपाय या पायथनच्या आकडेमोडीच्या लायब्ररीची जुनी पद्धत, रुबी ही भाषा आणि आर, हे चौघेही मुळात एकच सूत्र वापरतात. त्याचं नाव मर्सेन ट्विस्टर, माकोतो मात्सुमोतो आणि ताकुजी निशिमुरा या जपानी गणितज्ञांनी १९९७ मध्ये तयार केलेलं. चौघांना सीड १२३४ देऊन पहिला दशांश मागितला तर काय येतं?

पायथन देतो ०.९६६४५३५३५६९२१३८८.
नमपाय देतो ०.१९१५१९४५०३७८८९२३.
रुबी देते ०.१९१५१९४५०३७८८९२३.
आर देतो ०.११३७०३४.

नमपाय आणि रुबी शेवटच्या अंकापर्यंत जुळतात, कारण दोघेही सीडचा तो एकच पूर्णांक घेऊन तशाच रीतीने ६२४ घरांची स्थिती भरतात. पायथन तोच सीड आधी एका यादीत घालतो आणि ती यादी स्थितीत मिसळतो, त्यामुळे पहिल्याच आकड्याला वाट फुटते. आर तर सीडला आधी ५० वेळा घुसळतो (६९०६९ ने गुणून १ मिळवायचा, असं ५० वेळा) आणि मगच घरं भरायला घेतो. शिवाय पायथन, नमपाय आणि रुबी एका दशांशासाठी दोन कच्चे आकडे खर्च करतात, तर आर एकच. म्हणजे "दोन्हीकडे मर्सेन ट्विस्टर आहे, मग चालेल" हा दिलासाही खोटा ठरतो. मुलीचा आणि मार्गदर्शकांचा घोळ नेमका इथेच होता.

दुसरा त्रास आवृत्त्यांचा. आरमध्ये सीड ४२ देऊन १ ते १० आकडे फेटले की पूर्वी १०, ९, ३, ६, ४, ८, ५, १, २, ७ असा क्रम यायचा. २०१९ मध्ये ३.६.० आवृत्ती आली, निवडीची रीत बदलली आणि तोच कोड १, ५, १०, ८, २, ४, ६, ९, ७, ३ देऊ लागला. बदल योग्यच होता, जुन्या रीतीत मोठ्या याद्यांवर थोडा पक्षपात होत होता. पण जुने निकाल पुन्हा काढू पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येणारच. नमपायने त्याच वर्षी नवी पद्धत आणली, तिचं सूत्रच निराळं आहे. ज्युलियाने १.७ मध्ये मूळ सूत्र बदललं. पीएचपीच्या मर्सेन ट्विस्टरमध्ये बरीच वर्षं एक चूक होती, ती ७.१ मध्ये दुरुस्त झाली आणि आकडे बदलले.

सी भाषेत तर आवृत्तीचीही गरज नाही. सीड १ देऊन तिच्या मानक फंक्शनकडे पहिला आकडा मागा. लिनक्सवर साधारणपणे १८०४२८९३८३ मिळेल आणि विंडोजवर मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरने ४१. भाषा तीच, कोड तोच. जावास्क्रिप्टच्या नेहमीच्या रँडम फंक्शनला सीड देण्याची सोयच नाही.

जावाचं मात्र कौतुक करायला हवं. तिच्या जुन्या रँडम वर्गाचं सूत्र दस्तऐवजातच बांधून दिलेलं आहे, म्हणून सीड ४२ देऊन शंभरच्या आतले आकडे मागितले की जगातल्या कोणत्याही यंत्रावर ०, ६३, ११, ६८, ६७ असेच येतात. सी प्लस प्लसने अर्धं काम केलंय: कच्चे आकडे देणारी इंजिनं मानकाने काटेकोर बांधलेली आहेत, पण त्यांवरून ठरावीक कक्षेतले पूर्णांक काढणारे भाग ज्याने त्याने आपापल्या परीने लिहावेत अशी मोकळीक आहे. तिथे कच्चे आकडे जुळतात आणि फासे जुळत नाहीत.

पायरी पहिली: जनरेटर खरंच लागतोय का?

जनरेटर म्हणजे रँडम आकडे तयार करणारं सूत्र. तो लागतोय का, हे बहुतेक लोक विचारतच नाहीत. तुम्हाला शंभर किंवा दहा हजारच आकडे लागणार असतील, तर कोणत्याही एका भाषेत ते एकदा काढा, साध्या मजकुराच्या फाइलमध्ये एका ओळीत एक असे लिहा आणि सगळ्या भाषांना तीच फाइल वाचायला लावा. काम झालं. दहा वर्षांनी आवृत्त्या बदलल्या तरी फाइल बदलणार नाही. दशांश लिहिताना १७ सार्थ अंक लिहा, म्हणजे परत वाचताना काहीच हरवत नाही. त्याहून बरं म्हणजे फाइलमध्ये पूर्णांकच ठेवा.

आकडे कोट्यवधी असतील, किंवा किती लागतील तेच आधी ठाऊक नसेल, तर पुढे वाचा.

पायरी दुसरी: स्वतःचा छोटा जनरेटर

सूत्र असं आहे:

नवा = (१६८०७ × जुना) याला २१४७४८३६४७ ने भागून उरलेली बाकी

संपलं, एवढंच. डेरिक लेहमर यांनी १९४९ मध्ये ही कल्पना मांडली आणि हे विशिष्ट आकडे १९८८ मध्ये स्टीफन पार्क आणि कीथ मिलर यांनी "किमान मानक" म्हणून सुचवले. १६८०७ म्हणजे ७ चा पाचवा घात. २१४७४८३६४७ म्हणजे २ चा ३१ वा घात वजा १, आणि ती मूळ संख्या आहे. या जोडीमुळे १ ते २१४७४८३६४६ मधला प्रत्येक आकडा एकदाच येतो आणि मगच चक्र पुन्हा सुरू होतं. सीड याच कक्षेतला हवा. शून्य दिलात तर कायम शून्यच मिळेल.

नवशिक्यांना मी हाच जनरेटर का सुचवतो, त्याचं कारण गुणाकाराच्या आकारात आहे. गुणाकार कधीही ३६०९२७५७६३८३२२ च्या वर जात नाही, म्हणजे १४ अंकी राहतो. दशांश अपूर्णांकांवर चालणाऱ्या भाषांत ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंतचे पूर्णांक नेमके मावतात, त्यामुळे जावास्क्रिप्टलासुद्धा हा गुणाकार बिनचूक जमतो. एक्सेल १५ अंकांपर्यंत सांभाळतो, त्यामुळे एक्सेललाही. एका खान्यात १ टाका, खालच्या खान्यात वरच्या खान्याला १६८०७ ने गुणून बाकी काढणारं सूत्र टाका आणि खाली ओढत न्या. कोड न येणाऱ्या माणसालाही तुमचे आकडे पडताळता येतात, ही मला मोठी गोष्ट वाटते.

सीड १ पासून पहिले दहा आकडे असे येतात:

१६८०७
२८२४७५२४९
१६२२६५००७३
९८४९४३६५८
११४४१०८९३०
४७०२११२७२
१०१०२७५४४
१४५७८५०८७८
१४५८७७७९२३
२००७२३७७०९

तुमच्या भाषेत यातला एकही वेगळा आला तर पुढे जाऊ नका. आधी चौथी पायरी वाचा.

पायरी तिसरी: दहा हजारावा आकडा

पहिले दहा जुळले म्हणून सगळं बरोबर असं नाही. सीड १ ठेवून दहा हजार वेळा सूत्र चालवा. दहा हजारावा आकडा १०४३६१८०६५ यायलाच हवा. ही कसोटी पार्क आणि मिलर यांच्या लेखातली आहे आणि सी प्लस प्लसच्या मानकातही तीच छापलेली आहे. जिथे जिथे हा जनरेटर लिहाल, तिथे ही कसोटी कोडच्या सुरुवातीलाच ठेवा, म्हणजे कसोटी फसली तर प्रोग्राम पुढे जाणारच नाही. दहा हजार फेऱ्यांना डोळ्याची पापणी लवण्याइतकाही वेळ लागत नाही.

पायरी चौथी: भाषेभाषेचे खड्डे

पायथनमध्ये पूर्णांकांना मर्यादा नाही, तिथे निवांत राहा. फक्त भागताना एका तिरप्या रेषेऐवजी दोन वापरा, नाहीतर पूर्णांकाचा दशांश होऊन बसतो.

जावात नेहमीचा ३२ बिटांचा पूर्णांक घेतलात तर गुणाकार ओसंडतो, आणि तेही चूक न दाखवता. लाँग हा ६४ बिटांचा प्रकार घ्या. सी आणि सी प्लस प्लसमध्ये ६४ बिटांचा प्रकार नावानिशी लिहा, कारण साधा लाँग विंडोजवर ३२ बिटांचाच असतो. या एका शब्दापायी कितीतरी लोक अडकतात. रस्ट आणि गो मध्येही ६४ बिटांचा प्रकार घ्या. रस्ट निदान चाचणीच्या बांधणीत ओसंडल्यावर थांबतो आणि ओरडून सांगतो.

आरमध्ये गंमत उलटी आहे. आकड्यापुढे मोठा एल लावून पूर्णांक केलात तर गुणाकार मर्यादेबाहेर जाऊन उत्तर "उपलब्ध नाही" असं येतं. एल न लावता साधाच आकडा ठेवलात तर तो आतून दशांश असतो आणि सगळं नीट चालतं. जावास्क्रिप्टमध्ये साधा आकडा चालतो, पण बिटांची चिन्हं वापरायला जाऊ नका, ती सगळं ३२ बिटांत कापतात.

पायरी पाचवी: सीड जपून निवडा

इथे जरा थांबू, कारण हा जनरेटर वापरणारे सर्वांत जास्त चुका इथेच करतात.

पहिला आकडा म्हणजे सीड गुणिले १६८०७. सीड लहान असेल तर तोही लहानच. त्यावरून (पुढच्या पायरीतल्या रीतीने) फासा टाकला तर १ ते २१२९५ यांपैकी कोणताही सीड द्या, पहिला फासा १ च पडतो. वर्गात तीस मुलांनी आपापला हजेरी क्रमांक सीड म्हणून दिला तर तिसांचाही पहिला फासा १. म्हणून सुरुवातीचे दहा आकडे काढून टाकायचे आणि अकराव्यापासून वापरायचे. हा नियम सगळ्या भाषांत सारखा लिहायचा. एकाने दहा टाकले आणि दुसऱ्याने नऊ, की गेलं सगळं.

दुसरी चूक अधिक खोल आहे आणि दहा आकडे टाकून ती जात नाही. सूत्रात फक्त गुणाकार असल्यामुळे सीड २ ची सगळी मालिका ही सीड १ च्या मालिकेची दुप्पट असते (अर्थात बाकी काढून). सीड ३ ची तिप्पट. म्हणजे शंभर वेळा प्रयोग करायचा म्हणून १ ते १०० असे सीड दिले, तर ते शंभर प्रयोग एकमेकांपासून स्वतंत्र राहत नाहीत, एकाच दोरीला बांधलेले असतात. उपाय सोपा आहे. सीड एकदाच द्या आणि एकच मालिका पुढे चालू ठेवा. दुसरा प्रयोग पहिल्याने जिथे सोडलं तिथून सुरू करा.

पायरी सहावी: फासा आणि सोडत

कच्च्या आकड्यावरून १ ते एखाद्या संख्येपर्यंतचा (फाशासाठी १ ते ६) पूर्णांक काढायचा असेल तर कच्चा आकडा त्या संख्येने गुणा, २१४७४८३६४७ ने पूर्णांक भागाकार करा आणि १ मिळवा. आधी गुणायचं, मग भागायचं, दशांशाला हात लावायचा नाही. कोणी बाकी काढून फासा मिळवतो, तेही चुकीचं नाही, पण उत्तर वेगळं येतं. एक रीत ठरवा आणि तीच सगळीकडे लिहा.

आता त्या मुलीची सोडत. सहा वाण होते असं धरू: १ मालदांडी, २ फुले वसुधा, ३ फुले रेवती, ४ फुले सुचित्रा, ५ फुले अनुराधा, ६ परभणी मोती. सीड १, पहिले दहा आकडे टाकलेले. अकरावा ते पंधरावा आकडा असे आहेत: ८२३५६४४४०, १११५४३८१६५, १७८४४८४४९२, ७४२४३०४२, ११४८०७९८७.

पत्ते फेटण्याची फिशर–येट्स रीत वापरू, शेवटाकडून सुरुवातीकडे.

सहावी जागा: ८२३५६४४४० × ६ = ४९४१३८६६४०, भागाकार २, अधिक १ म्हणजे ३. सहाव्या आणि तिसऱ्या जागेची अदलाबदल. यादी झाली १, २, ६, ४, ५, ३.
पाचवी जागा: १११५४३८१६५ × ५, भागाकार २, म्हणजे ३. पाचव्या आणि तिसऱ्याची अदलाबदल. १, २, ५, ४, ६, ३.
चौथी जागा: भागाकार ३, म्हणजे ४. स्वतःशीच अदलाबदल, यादी तशीच.
तिसरी जागा: भागाकार ०, म्हणजे १. ५, २, १, ४, ६, ३.
दुसरी जागा: पुन्हा १. २, ५, १, ४, ६, ३.

म्हणजे पहिल्या वाफ्यात फुले वसुधा, मग फुले अनुराधा, मालदांडी, फुले सुचित्रा, परभणी मोती आणि शेवटी फुले रेवती. कागदावर करून बघा, पाच मिनिटंही लागत नाहीत.

आता तेच पाच आकडे, तीच यादी, पण फेटणं सुरुवातीकडून शेवटाकडे केलं तर? उत्तर येतं ३, ४, ६, २, ५, १. नुसती एक-दोन वाणांची अदलाबदल झालीय असंही नाही, सगळीच मांडणी बदलली. दोन्ही क्रम तितकेच रँडम आहेत, पण ते जुळत नाहीत. म्हणून फेटण्याचं तयार फंक्शन वापरू नका, हे पाच ओळींचं फेटणं प्रत्येक भाषेत हाताने लिहा. लिहिताना एक लक्षात ठेवा: आर आणि ज्युलियात यादीची पहिली जागा १, पायथन, जावा, सी, जावास्क्रिप्टमध्ये ०. वरची आकडेमोड १ धरून आहे. शून्यवाल्या भाषांत शेवटी जागेतून १ वजा करा.

आणि फेटण्याआधीची यादी! ती दोन्हीकडे त्याच क्रमात आहे ना? नावांची क्रमवारी आर यंत्राच्या भाषा-सेटिंगनुसार लावतो, पायथन अक्षरांच्या अंतर्गत क्रमांकानुसार. पायथनच्या सेटमध्ये शब्द ठेवले तर प्रत्येक वेळी प्रोग्राम चालवल्यावर त्यांचा क्रम बदलू शकतो. वाणांना, विद्यार्थ्यांना, रुग्णांना आधी क्रमांक द्या आणि क्रमांकच फेटा. नावं शेवटी जोडा.

दशांश आणि नॉर्मल वितरण

शून्य ते एकमधला दशांश हवा असेल तर कच्चा आकडा भागिले २१४७४८३६४७. उत्तर कधी शून्य येत नाही आणि कधी एकही नाही, त्यामुळे पुढे लॉगॅरिदम घ्यायचा झाला तरी भीती नाही. तपासताना पडद्यावरच्या आकड्यांवर जाऊ नका. आर सवयीने सातच सार्थ अंक दाखवतो आणि पायथन सगळे, त्यामुळे सारखे असलेले आकडेही वेगळे भासतात.

बेल कर्व्हचे, म्हणजे नॉर्मल वितरणाचे आकडे काढताना मात्र सावध राहा. त्यासाठीच्या बॉक्स–म्युलर नावाच्या रीतीत लॉगॅरिदम आणि कोसाइन लागतात. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि वर्गमूळ यांची उत्तरं आयईईई ७५४ या दशांश आकडेमोडीच्या मानकाने शेवटच्या बिटापर्यंत बांधलेली आहेत. लॉगॅरिदम आणि कोसाइनची तशी हमी नाही, गणिताच्या लायब्ररीनुसार शेवटचा अंक हलू शकतो. तुलना नऊ दशांश स्थळांपर्यंतच करायची ठरवलीत तर बहुतेक कामांना ते चालतं.

शेवटच्या बिटापर्यंत जुळायलाच हवं असेल तर एक जुनी युक्ती आहे: बारा दशांश घ्या, ठरलेल्या क्रमाने बेरीज करा, ६ वजा करा. सरासरी शून्य, प्रचरण (व्हेरियन्स) एक, आणि फक्त बेरीज-वजाबाकी. अडचण एवढीच की उत्तर −६ ते ६ च्या बाहेर कधीच जात नाही आणि टोकाच्या दुर्मीळ घटना कमी येतात. शिकवण्यासाठी आणि कोड पडताळण्यासाठी मी हीच वापरतो. विमा किंवा पुराच्या जोखमीसारख्या कामाला, जिथे टोकंच महत्त्वाची असतात, तिथे वापरू नका.

मोठं काम असेल तर

आपला छोटा जनरेटर २१४ कोटींच्या वर आकड्यांनंतर पुन्हा तिथेच येतो. सोडतीला, वर्गातल्या प्रयोगाला हे भरपूर झालं. अब्जावधी आकडे लागणाऱ्या सिम्युलेशनला कमी पडतं. तिथे पिएर लेक्युये यांनी १९९९ मध्ये दिलेला एमआरजी३२के३ए नावाचा जनरेटर घ्या. त्याचा आवर्तनकाळ (चक्र पुन्हा सुरू होण्याआधी येणारे आकडे) २ च्या १९१ व्या घाताच्या आसपास आहे, आणि तोही दशांशांवर चालणाऱ्या भाषांत बिनचूक मावावा असाच बेतलेला आहे.

त्यात दोन मालिका समांतर चालतात, प्रत्येकीचे मागचे तीन आकडे लक्षात ठेवायचे.

पहिली: १४०३५८० × दोन पावलांपूर्वीचा − ८१०७२८ × तीन पावलांपूर्वीचा, ४२९४९६७०८७ ने भागून बाकी.
दुसरी: ५२७६१२ × लगेच आधीचा − १३७०५८९ × तीन पावलांपूर्वीचा, ४२९४९४४४४३ ने भागून बाकी.

पहिलीतून दुसरी वजा करा. उत्तर शून्य किंवा ऋण आलं तर ४२९४९६७०८७ मिळवा. मग ४२९४९६७०८८ ने भागा. सहाही घरांत १२३४५ भरून सुरुवात केली तर पहिल्या पावलाला पहिली मालिका ३०२३७९०८५३ देते, दुसरी २४७८२८२२६४, फरक ५४५५०८५८९ आणि दशांश ०.१२७०१११. तुमच्याकडे हे तिन्ही पूर्णांक जुळले पाहिजेत.

इथला खास खड्डा म्हणजे ऋण बाकी. सी, जावा, जावास्क्रिप्ट, गो आणि रस्ट ऋण संख्येची बाकी ऋणच देतात, पायथन आणि आर धन देतात. म्हणून बाकी ऋण आली तर भाजक मिळवा, ही ओळ सगळीकडे लिहा. जिथे गरज नाही तिथे ती काही बिघडवत नाही. आणखी एक: काही जण शेवटी भागण्याऐवजी व्यस्ताने गुणतात. दोन्हींचा शेवटचा अंक वेगळा येऊ शकतो, तेव्हा एकच ठरवा. एक्सेलला हा जनरेटर झेपणार नाही, इथले गुणाकार १६ अंकी होतात.

हे आकडे कुठे वापरू नयेत

पासवर्ड, ओटीपी, पैशांची लॉटरी यांसाठी यातलं काहीही वापरू नका. छोट्या जनरेटरचा एक कच्चा आकडा ज्याला दिसला, त्याला पुढचे सगळे ठाऊक झाले. मर्सेन ट्विस्टरचेही लागोपाठचे ६२४ कच्चे आकडे पाहिले की पुढचं सगळं सांगता येतं. पुन्हा तेच मिळणं हा आपल्याला हवा असलेला गुण आहे, आणि गुपितांच्या कामात नेमका तोच घातक ठरतो.

सीड कोणी आणि कधी ठरवायचा

कळकळीने सांगतो: सीड आधी जाहीर करा, निकाल नंतर बघा. मनासारखी मांडणी येईपर्यंत सीड बदलत राहिलात तर सोडत ही सोडत उरत नाही, ती तुमची निवड होते, आणि कोड कितीही पुन्हा चालवता आला तरी ती लबाडीच पुन्हा चालते. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात निवडणुकीनंतर कोणत्या मतपत्रिका पडताळायच्या, हे सीडवर चालणाऱ्या जनरेटरने ठरवतात. त्याचा २० अंकी सीड लोकांसमोर दहा बाजूंचे फासे टाकून काढतात. मग कोणीही घरी बसून तीच यादी पुन्हा काढून बघू शकतो.

ज्वारीच्या चाचणीवाल्या त्या मुलीकडे दहा बाजूंचे फासे नव्हते. तिने ० ते ९ लिहिलेल्या चिठ्ठ्या केल्या, मार्गदर्शकांसमोर नऊ वेळा एकेक चिठ्ठी उचलून परत टाकली आणि आलेला नऊ अंकी आकडा सीड म्हणून घेतला. नऊ अंकी कोणताही आकडा आपल्या कक्षेत बसतो, फक्त नऊही चिठ्ठ्या शून्याच्या निघाल्या तर पुन्हा काढायच्या. तिने आरमध्ये आणि त्यांनी पायथनमध्ये तोच जनरेटर लिहिला. आधी १०४३६१८०६५ ची कसोटी दोन्हीकडे लागली, मग वाफ्यांचा क्रम.

प्रक्षेत्र नोंदवहीच्या पहिल्या पानावर तिने पुढच्या ओळी लिहिल्या. तुम्हीही लिहा, आकडे आपले घाला:

सूत्र: गुणक १६८०७, भाजक २१४७४८३६४७.
सीड: (नऊ अंक), काढल्याची तारीख, हजर असलेल्यांच्या सह्या.
टाकून दिलेले सुरुवातीचे आकडे: १०.
पूर्णांक: आधी गुणाकार, मग पूर्णांक भागाकार, अधिक १.
फेटणं: शेवटाकडून सुरुवातीकडे, जागा १ पासून.
यादीचा मूळ क्रम: वाण १ ते ६, सोबत जोडलेल्या तक्त्याप्रमाणे.
दहा हजारावा आकडा तपासला: होय, आर आणि पायथन दोन्हीत.